विमा एजंटच्या परीक्षेचा अभ्यास : दावा डोळ्यांसमोर ठेवून

"ताई, पस्तीस टक्क्यांना पास असतं ना? मग एवढं जाडजूड पुस्तक कशाला वाचायचं?"

आयसी-३८ ला, म्हणजे विमा एजंटच्या परीक्षेला, बसणाऱ्या बायका मला हे हटकून विचारतात. त्यांचं गणित बरोबर आहे. जीवन विम्याच्या या परीक्षेत ५० प्रश्न असतात, वेळ एक तास, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. १८ उत्तरं बरोबर आली की पास. नुसते डोळे मिटून पर्याय निवडत गेलं तरी दहा-बारा बरोबर येतील. म्हणजे खरा अभ्यास सहा-सात प्रश्नांपुरता केला तरी भागतं.

तरीही मी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, काही प्रकरणं तर पुन्हा पुन्हा. कारण ज्या ३२ प्रश्नांची उत्तरं चुकली तरी आपण पास होतो, तेच प्रश्न पुढे कुणाच्या तरी घरात कर्ता माणूस गेल्यावर दारात उभे राहतात. तेव्हा पर्याय दिलेले नसतात आणि समोर बसलेली बाई आपल्याच तोंडाकडे बघत असते.

मी कोरेगाव तालुक्यातली. आमच्याकडे ऊस, घेवडा आणि आल्याचं पीक. बरीच वर्षं बचत गटाचं काम केलं, गटांची दप्तरं लिहिली, बँकेच्या चकरा मारल्या. डिसेंबर २०२४ मध्ये बायकांना विमा एजंट करणारी एलआयसीची विमा सखी योजना सुरू झाली. दहावी पास बाई, वय १८ ते ७०, पहिल्या वर्षी महिना ७,००० रुपये विद्यावेतन, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,०००. गटातल्या आम्ही काहीजणींनी नावं दिली. विद्यावेतनाला कामाची अट आहे. पहिल्या वर्षी २४ पॉलिसी, आणि पुढच्या वर्षांत आधी काढलेल्या पॉलिसींपैकी निदान ६५ टक्के चालू राहिलेल्या असल्या पाहिजेत. मला ही दुसरी अट फार आवडली. पॉलिसी गळ्यात मारून विसरून जाणाऱ्या माणसाला ती पुरी करता येत नाही.

योजना कुठलीही असो, कंपनी कुठलीही असो, आधी २५ तासांचं प्रशिक्षण आणि मग परीक्षा. पास झालं की कंपनी नेमणूक पत्र देते. विमा कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीपासून विमा नियामक प्राधिकरण (आयआरडीएआय) स्वतः परवाना देत नाही, पण आमच्याकडे अजून सगळे 'लायसन निघालं का' असंच विचारतात.

आता अभ्यासाकडे येते. मी सुरुवात पहिल्या प्रकरणापासून केली नाही. केली नॉमिनेशनपासून, त्याला घरचं कारण होतं.

आमच्या चुलत सासऱ्यांनी तरुणपणी, लग्नाआधी, एक पॉलिसी काढली होती. नॉमिनी म्हणून आईचं नाव. पुढे लग्न झालं, तीन मुलगे झाले, आई वारल्या, हप्ते मात्र नेमाने भरत राहिले. ते गेले तेव्हा ट्रंकेत बॉण्ड, म्हणजे पॉलिसीचा कागद, सापडला आणि त्यावर नाव होतं वारलेल्या आईचं. नॉमिनी विमेदाराच्या आधी गेलेला असला आणि दुसरं नाव लावलेलं नसलं की पैसे कायदेशीर वारसांचे होतात, आणि मग वारस कोण हे सिद्ध करावं लागतं. चुलत सासूबाईंना साताऱ्याला कोर्टाच्या फेऱ्या घालाव्या लागल्या. वकील, पेपरात नोटीस, तिन्ही मुलांच्या सह्या, त्यातला एक मुंबईला माथाडी कामात, त्याला दरवेळी खाडा करून यावं लागायचं. पैसे मिळाले, पण त्या सालची आल्याची लागण सावकाराच्या पैशावर झाली. एवढं सगळं टाळायला हयातीत एक साधा अर्ज पुरला असता. नॉमिनी कितीही वेळा बदलता येतो, फक्त कंपनीला कळवून बॉण्डवर नोंद करून घ्यायची.

म्हणून विमा कायदा, १९३८ चं कलम ३९ मी असं वाचलं की परीक्षेत ते कसंही फिरवून विचारलं तरी अडू नये. नॉमिनी अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, असेल तर त्याच्या वतीने पैसे घ्यायला अपॉइंटी नेमावा लागतो, आणि तो सज्ञान असावा लागतो. विमा स्वतःच्या जिवावर असेल तरच नॉमिनेशन करता येतं. पॉलिसी दुसऱ्याच्या नावे असाइन केली, म्हणजे कलम ३८ खाली हक्क सोपवला, की जुनं नॉमिनेशन रद्द होतं. पण त्याच कंपनीने पॉलिसीवर कर्ज दिलं आणि त्यासाठी असाइनमेंट घेतली, तर नॉमिनेशन पूर्ण रद्द होत नाही, कंपनीच्या कर्जापुरताच त्याला धक्का लागतो. हा शेवटचा भाग परीक्षेत हमखास फसवतो. आणि गावात पॉलिसीवर कर्ज काढणारे घरटी सापडतात, म्हणून तो नीट कळलेला बरा.

याच कलमात २०१५ साली एक मोठा बदल झाला. आधी नॉमिनी म्हणजे फक्त पैसे हातात घेणारा विश्वस्त, पैशावर हक्क वारसांचा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितलं होतं. दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांच्यापैकी कुणी नॉमिनी असेल तर त्या रकमेवर हक्कही त्यांचाच. भाऊ किंवा पुतण्या नॉमिनी असेल तर मात्र तो विश्वस्तच राहतो. आमच्याकडे लग्नाआधी भावाचं नाव लावायची रीत आहे. लग्नानंतर ते नाव तसंच राहतं आणि बायकोला ठाऊकही नसतं. गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा तीन-चारजणी उठून घरी गेल्या आणि बॉण्ड घेऊन परत आल्या. परीक्षा व्हायच्या आधीच माझं काम सुरू झालं होतं.

त्याच्या जोडीला १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा, कलम ६. पुस्तकात याला जेमतेम अर्धं-पाऊण पान आहे. बहुतेकजणी ते उलटून पुढे जातात. मी म्हणते, थांबा. लग्न झालेल्या पुरुषाने स्वतःच्या जिवावर, बायको आणि मुलांच्या लाभासाठी या कायद्याखाली पॉलिसी काढली, तर ती रक्कम विश्वस्त निधी होते. त्याचे धनको ती जप्त करू शकत नाहीत. त्याला स्वतःलाही मग ती परस्पर मोडता येत नाही की लाभार्थी बदलता येत नाही. धनकोंना बुडवायच्या हेतूनेच काढली असेल तर गोष्ट वेगळी. पण प्रामाणिकपणे काढली असेल तर सोसायटीचं, बँकेचं, हातउसनं असं सगळं देणं डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याच्या घरात एवढी एक रक्कम तरी सुखरूप राहते. हे प्रस्ताव अर्जाच्या वेळीच सांगावं लागतं, पॉलिसी निघाल्यावर म्हणून चालत नाही. ज्या तालुक्यात पीककर्जाशिवाय घर नाही, तिथल्या एजंटला हे कलम ठाऊक नसणं मला पटत नाही.

दुसरं प्रकरण ज्यात मी सगळ्यात जास्त रमले ते प्रस्ताव अर्जाचं. अर्जात खरं लिहायचं, सगळं लिहायचं, विचारलेलं काहीही लपवायचं नाही, याला पुस्तकात परम सद्भावाचं तत्त्व म्हणतात. तत्त्व पाठ करायला दोन मिनिटं लागतात. पण अर्ज भरताना माणूस समोर बसलेला असतो, साखर आहे का विचारलं की तो हसतो आणि "थोडी हाय, गोळी चालू हाय, पर ती कशाला लिवायची" म्हणतो. नेमकं इथे कलम ४५ उपयोगाला येतं. पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षं झाली की कंपनीला कोणत्याही कारणाने ती खोटी ठरवता येत नाही. त्याआधी मात्र माहिती लपवली हे कारण दाखवून दावा नाकारता येतो. आता यातली बारीक गोष्ट बघा. ही तीन वर्षं मोजायची ती पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची तारीख किंवा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडून घेतलेलं जादा संरक्षण, जोडल्याची तारीख, यांतली जी सगळ्यात उशिराची असेल तिच्यापासून. म्हणजे एखाद्याची पॉलिसी दहा वर्षं जुनी आहे, मधे हप्ते थकले, आणि गेल्या वर्षी तब्येत चांगली असल्याचं लिहून देऊन त्याने ती चालू करून घेतली, तर त्याची तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. त्या कागदावरही खरंच लिहावं लागतं. आमच्याकडे उसाचं बिल उशिरा आलं की हप्ते थकतात आणि बिल आलं की पॉलिसी चालू करायला रांग लागते. त्या रांगेतल्या प्रत्येकाला हे कुणीतरी सांगायला हवं.

वयाचा मुद्दाही याच प्रकरणातला. शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, पासपोर्ट हे प्रमाण पुरावे. जन्मपत्रिका, रेशन कार्ड, प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला हे अप्रमाण पुरावे. असा प्रश्न सराव चाचण्यांत सारखा येतो. आमच्या सासूबाईंच्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती. पत्रिकेत वय एक, दाखल्यावर दुसरं. मी हा भाग वाचत होते तेव्हा सासूबाईंनी मधेच विचारलं, "मग माझं कंचं वय धरणार गं?" त्यांना सांगितलं, दाखल्यावरचं. आणि वय चुकीचं निघालं म्हणून कंपनीने वयाचा पुरावा मागून पॉलिसीच्या अटी त्याप्रमाणे बदलल्या तर ते पॉलिसी खोटी ठरवणं होत नाही, हेही कलम ४५ मध्येच आहे. तीन वर्षं झाल्यावर सगळंच माफ असं समजून बसायचं नाही.

बायकांच्या बाबतीत नावाचा घोळ वेगळाच. दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, पॅनवर तिसरंच स्पेलिंग. परीक्षेच्या नोंदणीतही हेच अडतं, म्हणून अर्ज भरण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा. मी आधी पॅन दुरुस्त करून घेतलं आणि मगच नोंदणी केली.

अभ्यासाची वेळ रात्रीची, भांडी आवरल्यावर. सकाळी धारा, डबे, रान. स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दारावर मी कागद चिकटवले होते, भाकरी थापताना समोर दिसतील असे. एका कागदावर कलमं: ३८ असाइनमेंट, ३९ नॉमिनेशन, ४१ सूट देण्यावर बंदी, ४५ तीन वर्षं, ६४ व्हीबी हप्ता हातात आल्याशिवाय जोखीम सुरू नाही. दुसऱ्यावर मुदती. सहामाही, तिमाही, वार्षिक हप्त्याला सवलतीचे दिवस ३०, मासिक हप्त्याला १५. या दिवसांत माणूस गेला तरी दावा मिळतो, थकलेला हप्ता वजा होतो, एवढंच. पॉलिसी हातात आल्यावर पटली नाही तर परत करायला ३० दिवस. इथे एक सांगते. माझ्याकडे आधी एका ओळखीच्यांचं जुनं पुस्तक होतं, त्यात हे १५ दिवस लिहिलं होतं. २०२४ च्या नियमांनी ते सगळ्यांसाठी ३० झाले. ग्राहक आयोगाच्या रकमेच्या मर्यादा, विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाची मर्यादा, असे बरेच आकडे मधल्या काळात बदललेत. लोकपाल आता ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकतो. म्हणून पुस्तक घ्याल ते नवीन आवृत्तीचंच घ्या, मराठीत मिळतं, परीक्षाही मराठीत देता येते. जुनं फुकट मिळालं तरी त्यावरून आकडे पाठ करू नका.

गणितं घाबरवतात, पण ती मोजून दोन-तीनच प्रकारची असतात. पेड-अपचं बघा, म्हणजे हप्ते थांबले तरी भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात जेवढा विमा चालू राहतो त्याचं. तीन लाखांची पॉलिसी, मुदत २० वर्षं, ८ वर्षं हप्ते भरले आणि पुढे भरणं झालं नाही. तीन लाखांना ८ ने गुणा, २० ने भागा, आले १ लाख २० हजार. तोवरचा बोनस वेगळा. हे एकदा समजलं की "आता भरणं जमत नाही, मोडून टाकू का" असं म्हणणाऱ्याला दुसरी वाट दाखवता येते.

दुसरं गणित मानवी जीवन मूल्याचं. आमच्या गावात दूध संकलनाची गाडी चालवणारा एकजण आहे असं धरा. महिना २० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. स्वतःवर खर्च ६० हजार. घरासाठी उरतात १ लाख ८० हजार. तो नसताना एवढेच पैसे घराला व्याजातून मिळायचे असतील आणि व्याज ६ टक्के धरलं, तर मुद्दल लागेल ३० लाख. आणि त्याच्या नावावर पॉलिसी असते एक लाखाची, तीही मुलीच्या लग्नाला मॅच्युरिटी यावी म्हणून काढलेली. हे गणित वहीत मांडल्यावर मी बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिले. आपण गावात आजवर विम्याला बचत समजत आलो. बचत होते हे खरं, पण ३० लाखांचा खड्डा एक लाखाने भरत नाही. शुद्ध मुदतीचा विमा, म्हणजे टर्म, त्याला हप्ता कमी आणि रक्कम मोठी, पण जगलो तर काही परत नाही. "काहीच परत न्हाय म्हंजी पैसं पाण्यात" हे ऐकून घ्यायची तयारी मी त्याच दिवसापासून केली. ज्याला तेही झेपत नाही त्याला बँकेतून पंतप्रधान जीवनज्योती घ्यायला सांगते. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाख, वय १८ ते ५०. अपघाताची सुरक्षा योजना २० रुपयांत, तीही दोन लाखांची, वय १८ ते ७०. यात मला एक पैसा मिळत नाही, तरी सांगते.

जोखीम सगळ्यांनी वाटून घेणं हे पहिल्या प्रकरणातलं तत्त्व मी गटाच्या बैठकीतच शिकले म्हणायला हरकत नाही, कारण समजावून सांगताना ते पक्कं झालं. ३०० घरं, घरटी एक गाय, किंमत ६० हजार. वर्षाला सरासरी पाच गाई दगावतात, नुकसान तीन लाख. प्रत्येक घराने हजार रुपये काढले की ज्याची गाय गेली त्याला गाय मिळते. एका वहिनींनी लगेच विचारलं, "आणि ज्याची आजारीच गाय हाय त्यो पण हजारच देणार?" झालं, पुढचं अंडररायटिंगचं, म्हणजे कुणाचा धोका किती ते पारखण्याचं, प्रकरण त्यांनी एका वाक्यात उघडून दिलं. मी म्हणेन, अभ्यास एकटीने करू नका. चार बायकांना सांगून बघा, त्या जे प्रश्न विचारतात ते पेपर काढणाऱ्यांपेक्षा सरस असतात.

इतिहासाच्या सनावळ्या पाठच कराव्या लागतात, त्याला इलाज नाही. १८१८ कोलकात्यात ओरिएंटल, १८५० ट्रायटन, १८७० मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही पहिली भारतीय कंपनी, १९५६ ला १ सप्टेंबरपासून एलआयसी, त्यात २४५ कंपन्या आणि सोसायट्या विलीन. १९७२ चा कायदा होऊन सर्वसाधारण विमा सरकारकडे आला आणि चार कंपन्या झाल्या. १९९३ मल्होत्रा समिती, १९९९ प्राधिकरणाचा कायदा. पण यात सातारकरांनी एक सन आपला म्हणून घालावा. १९१३ साली अण्णासाहेब चिरमुल्यांनी साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. मुंबई-कोलकात्याच्या पेढ्यांच्या जमान्यात आपल्या जिल्ह्याच्या गावात जीवन विम्याची कंपनी! १९५६ मध्ये तीही एलआयसीत गेली. परीक्षेत हे विचारत नाहीत, पण १९५६ कधी विसरले नाही ते यामुळे.

पेपर सोडवताना कुठे अडखळायला होतं ते सांगते. 'खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही' असा प्रश्न घाईत वाचला की 'नाही' सुटतो आणि पहिलंच बरोबर विधान आपण टिचकी मारून मोकळे होतो. दुसरं, जीवन विमा आणि सर्वसाधारण विमा यांतला फरक. विमायोग्य हित, म्हणजे ज्याचा विमा काढला त्याचं बरंवाईट झालं तर आपलं नुकसान होणं, हे जीवन विम्यात पॉलिसी घेताना असावं लागतं; आगीच्या विम्यात घेताना आणि नुकसान होतानाही; सागरी विम्यात नुकसान होताना. नुकसानभरपाईचं तत्त्व जीवन विम्याला लागू नाही, कारण माणसाच्या जिवाची भरपाई मोजता येत नाही, म्हणून दोन पॉलिसी असतील तर दोन्हींचे पूर्ण पैसे मिळतात. तिसरं, उदाहरणाच्या रूपात येणारे प्रश्न. कुणीतरी कारखान्यात बॉयलरवर कामाला आहे, कुणाला दमा आहे, कुणी आधी नाकारलेला अर्ज लपवलाय, आणि विचारतात हा कोणता धोका. पहिला व्यवसायाचा, दुसरा शरीराचा, तिसरा नीतीचा. व्याख्या पाठ केलेल्या बायका इथे चुकतात, माणसं डोळ्यांसमोर आणणाऱ्या चुकत नाहीत.

मोबाइलवर सराव चाचण्या भरपूर मिळतात. त्या सोडवा, पण उत्तर चुकलं की पुस्तकातलं पान उघडून का चुकलं ते बघा. नववीतल्या माझ्या मुलाने प्रश्न वाचायचे आणि मी चूल बघत उत्तरं द्यायची, असं आम्ही रोज करत होतो. त्याला आता 'प्रत्यक्ष कारणाचं तत्त्व', म्हणजे नुकसान मुळात कशाने झालं ते शोधणं, शाळेतल्या विज्ञानापेक्षा चांगलं येतं. माऊस हाताळायची सवय नसेल तर कुणाच्या तरी संगणकावर तासभर बसून या. आमच्यातल्या एक मावशी नुसत्या संगणकाला घाबरून मागे फिरल्या होत्या. त्यांना शेजारच्या मुलीने बसवून शिकवलं, आणि त्या पास झाल्या.

मी केंद्र पुण्याचं घेतलं, धाकट्या बहिणीकडे आदल्या दिवशी उतरता येतं म्हणून. ओळखपत्र मूळ न्या, झेरॉक्सवर भागत नाही. एका तासात ५० प्रश्न म्हणजे वेळ पुरून उरतो. मी एकदा सगळे सोडवले, मग फक्त 'नाही'वाले प्रश्न पुन्हा वाचले. पास झाले, गुणही चांगले पडले.

आता कलम ४१. हे मी अभ्यासात वाचलं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. "पहिला हप्ता तू भर, मग काढतो", "तुझ्या कमिशनातलं निम्मं मला दे", हे सगळीकडे चालतं, आणि लोक तसं मागताना लाजतही नाहीत. कायद्याने देणाराही दोषी आणि घेणाराही, दंड दहा लाखांपर्यंत. मी प्रत्येकाला हे सांगते आणि सोबत दुसरंही सांगते, की जो स्वतःच्या खिशातून पहिला हप्ता भरत नाही तो दुसराही भरत नाही, आणि मग वर्षभरात पॉलिसी बंद पडते. यामुळे दोन-तीन कामं हातची गेली. जाऊ देत.

तक्रारीचं प्रकरण वाचून जे टिपून ठेवलं ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, एजंट असो वा नसो. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. आपल्याला पुण्याचं कार्यालय लागू. फी नाही, वकील लागत नाही. प्राधिकरणाचा बिमा भरोसा म्हणून मंचही आहे, फोन १५५२५५. हा नंबर मी गटाच्या दप्तरात पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

नेमणूक पत्र आल्यावर पहिला अर्ज भरला तो गटातल्याच एकीचा. तिला थायरॉइडची गोळी चालू आहे. "लिवलंच पायजे का? हप्ता वाढवतील", ती म्हणाली. मी तिला कलम ४५ सगळं समजावून सांगितलं, आमच्या चुलत सासूबाईंचं कोर्टही सांगितलं. गोळीचं नाव, कधीपासून, डॉक्टर कोण, सगळं लिहिलं. कंपनीने रक्ताचा रिपोर्ट मागितला, तो दिला. बॉण्ड आला तेव्हा तिच्या घरी जाऊन दोघींनी मिळून वाचला. नॉमिनीच्या जागी मुलगी, ती बारा वर्षांची म्हणून अपॉइंटी तिची आई. बॉण्ड कुठे ठेवलाय ते तिने आईला माझ्यासमोरच फोन करून सांगितलं. पुढचा अर्ज तिच्या जावेचा आहे, आणि तिला भावाचं नाव नॉमिनी म्हणून लावायचंय. परवा जाऊन बसणार आहे तिच्याजवळ.